दोन तुकड्यांतला हंगाम

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान विचारलं की कोणीही रस्ता दाखवतो. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं पाटीवरचं नाव. २३ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिथे महाराष्ट्र आणि बडोदा यांच्यातला रणजी सामना सुरू झाला. हवेत गारठा, गवतावर दव, आणि तरीही कुंपणाला लोक. शाळा बुडवून आलेली मुलं, मफलर गुंडाळलेले पेन्शनर, क्लबच्या नेटमधून थेट आलेली, खांद्याला किट अडकवलेली पोरं. रणजी सामना कोणी बघत नाही असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी हाताला धरून तिथे न्यायला हवं होतं.

टीव्हीवर क्रिकेट बघून बघून या खेळाचा आवाज आपल्या कानातून गेला आहे. सीमारेषेजवळ बसलं की चेंडू यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये शिरल्याचा 'थप्प' ऐकू येतो. गोलंदाजाच्या स्पाइक्सखाली माती चरचरते. धाव घेताना मारलेली 'थांब, थांब!' ही हाक शब्दन् शब्द कळते. एक वेगवान गोलंदाज मार्ककडे परतताना गार पडलेली बोटं ओठांशी नेऊन फुंकर घालत होता. हे कुठल्याही कॅमेऱ्यानं दाखवलं नसतं, कारण त्या वेळात एक जाहिरात सहज बसते.

माझ्या शेजारी एक निवृत्त पंच बसले होते. जिल्ह्याच्या स्पर्धांमध्ये त्यांनी हयात घालवलेली. चेंडूकडून नजर न हलवता ते म्हणाले, "नोव्हेंबरात डब्यात गेलेला लाल बॉल आज बाहेर निघालाय. मधे दोन महिने नुसता पांढरा. आता चहानंतर बघा, पाय कसे जड होतात ते." चहानंतर मी मुद्दाम बघत राहिलो. सकाळी फुंकर घालणाऱ्या त्या गोलंदाजाचा रनअप मंदावला होता, आणि षटक संपल्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून बराच वेळ तसाच उभा राहिला.

त्याच सकाळी मुंबईत बीकेसीच्या मैदानावर रोहित शर्मा सुमारे दहा वर्षांनी मुंबईकडून रणजी खेळायला उतरला होता. न्यूझीलंडनं आपल्याला घरच्या मैदानावर ०-३ असं धुतलं, मग ऑस्ट्रेलियात मालिका गेली, तेव्हा भारतीय क्रिकेट मंडळाला (बीसीसीआय) आठवण झाली की मोठ्या खेळाडूंनीही देशांतर्गत क्रिकेट खेळायला हवं. रोहित ३ धावांवर बाद झाला आणि तो सामना जम्मू-काश्मीरनं जिंकला. आठवड्यानं दिल्लीत विराट कोहली रेल्वेविरुद्ध खेळला. त्या सामन्याचं प्रक्षेपण आधी ठरलेलं नव्हतं. कोहली खेळणार हे नक्की झालं आणि कॅमेरे आले. हजारो लोक आले. तो ६ धावांवर त्रिफळाचीत झाला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. नाशिकच्या कुंपणाला लागलेली माणसं मात्र खेळ बघायला आली होती. तो फरक माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

* * *

पंच ज्या दोन महिन्यांबद्दल बोलत होते त्यांचा हिशेब असा आहे. २०२४-२५ चा रणजी हंगाम ११ ऑक्टोबरला सुरू झाला. पाच फेऱ्या झाल्यावर नोव्हेंबरच्या मध्याला तो थांबवला. मग सय्यद मुश्ताक अली करंडकाची वीस षटकांची स्पर्धा, मग विजय हजारे करंडकाची पन्नास षटकांची. ती १८ जानेवारीला संपली आणि पाचव्या दिवशी खेळाडू पुन्हा चार दिवसांच्या सामन्यासाठी मैदानात. २०२५-२६ साठीही असाच कापलेला हंगाम जाहीर झाला.

मंडळानं कारण दिलं ते उत्तरेतल्या धुक्याचं आणि खेळाडूंच्या विश्रांतीचं. धुक्याचं कारण खोटं नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे सकाळी अकरापर्यंत चेंडू दिसत नाही, पंच प्रकाशमापक घेऊन फिरत राहतात. पण उत्तरेत धुकं काही परवा पडायला लागलेलं नाही. रणजी करंडक १९३४-३५ पासून खेळला जातो आणि धुक्यातूनही हंगाम अखंड पार पडत आले. नवीन आहे ते उन्हाळ्यात. मार्चच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंतचा काळ आयपीएलच्या नावावर झाला आहे. २०२३-२७ या काळाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातही तिच्यासाठी जवळपास अडीच महिने मोकळे सोडलेले आहेत. त्याआधी खेळाडूंचा लिलाव. लिलावाच्या सुमारास संघांच्या माणसांना पोरं वीस षटकांत काय करतात ते बघायचं असतं. एवढ्या खुंट्या ठोकून झाल्यावर उरलेल्या दोरीवर रणजी वाळत घालायचा, तर त्याचे तुकडे पडणारच.

तुकडे पडल्यानं बिघडतं काय, असं मला तरुण वाचक विचारतात. वेगवान गोलंदाजाचं शरीर हळूहळू वाढवलेल्या भारावर चालतं. दिवसाला चार षटकं टाकण्याची सवय लागलेल्या स्नायूंना एकदम वीस षटकं मागितली की मांडी, पोटरी, नाहीतर पाठ कुठेतरी हिशेब मागते. फिरकी गोलंदाज शिकतो तो चौथ्या दिवशी, भेगाळलेल्या खेळपट्टीवर, एकाच फलंदाजाला दोन तास तोच प्रश्न विचारत. फलंदाजाला चेंडू सोडायला शिकायला लागतं, आणि सोडणं ही गोष्ट वीस षटकांत कोणी शिकवत नाही. तिथे सोडलेला प्रत्येक चेंडू वाया गेलेला असतो. हे सगळं ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग खेळून अंगात भिनायचं. आता ते भिनायला लागतं तोवर दिवाळी उलटलेली असते आणि किटमधला चेंडू बदलतो.

२०२०-२१ मध्ये तर रणजी झालाच नाही. सुरू झाल्यापासून तोवर एकही वर्ष न चुकलेली ही स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही खेळली गेली होती. करोनाचं संकट खरं होतं, त्यात वाद नाही. पण त्याच करोनात सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२० मध्ये आयपीएल अमिरातीत नेऊन पूर्ण खेळवली. जानेवारी २०२१ मध्ये, पुढच्या लिलावाच्या आधी, मुश्ताक अली स्पर्धा झाली. विजय हजारे झाली. गेला तो रणजी. नंतर मंडळानं खेळाडूंना भरपाई दिली, हेही सांगायला हवं. पण सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी, उत्तम भरात असताना, ज्याचा सबंध हंगाम गेला त्याचं वय कुठल्या खात्यात परत जमा होणार? अशा एका गोलंदाजाला मी ओळखतो. त्या वर्षी तो घराच्या गच्चीवर भिंतीवर चेंडू टाकत होता. आता तो नोकरी करतो आणि रविवारी कंपनीकडून खेळतो.

पुढच्या वर्षी रणजी परत आला, तोही आयपीएलच्या दोन बाजूंना. साखळी फेरी फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये, प्रत्येक संघाला जेमतेम तीन सामने, मग आयपीएल, आणि बाद फेरी जूनमध्ये. बंगळुरूच्या त्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांनी घडवलेल्या मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून पहिल्यांदा करंडक उचलला. मुंबईच्या मैदानांवर वाढलेला हा माणूस आणि समोर मुंबईच. एरवी अशा सामन्याची चर्चा महिनाभर चालली असती. पण जूनच्या शेवटच्या आठवड्यात, आयपीएलचे दोन महिने पचवून सुस्तावलेल्या प्रेक्षकाला ते कळलंसुद्धा नाही.

* * *

क्रिकेटकडे पैसे नव्हते ते दिवस फार लांबचे नाहीत. १९८३ ला विश्वचषक जिंकला तेव्हा मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे एन. के. पी. साळवे होते. विजेत्यांना द्यायला तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून दिल्लीत लता मंगेशकरांची मैफल ठेवली आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये दिले गेले. तेव्हा सामना दाखवण्याबद्दल दूरदर्शननं मंडळाला काही द्यावं, ही कल्पनाही कोणाच्या डोक्यात नव्हती. उलट दाखवण्याचा खर्च मंडळाकडेच मागितला जाई.

हे बदललं १९९३ मध्ये, हीरो कपच्या वेळी. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी जुंपली. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत सीमाशुल्क खात्यानं अडवून ठेवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ चा तो निकाल लिहिणारे एक न्यायमूर्ती होते पी. बी. सावंत, पुण्यात ज्यांची अखेरची वर्षं गेली. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी चालेल ना कुठल्या खासगी धनिकाची. तिचा वापर जनतेच्या हितासाठी स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली व्हावा, असं तो निकाल सांगतो. निकालाचा पहिला अर्धा भाग, सरकारी मक्तेदारी मोडण्याचा, आपण लगेच अमलात आणला आणि हक्कांची बाजारपेठ उभी राहिली. दुसरा अर्धा भाग तेवढ्या तत्परतेनं कोणी वाचला नाही.

बाजारपेठ कशी वाढली ते पाहा. २०१७ मध्ये स्टार इंडियानं आयपीएलच्या पाच वर्षांसाठी १६,३४७.५ कोटी रुपये मोजले. जून २०२२ मध्ये मुंबईत ई-लिलाव झाला तेव्हा २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या ४१० सामन्यांसाठी ४८,३९० कोटी आले. दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने स्टारकडे २३,५७५ कोटींना गेले, मोबाइलवरचे वायाकॉम १८ कडे. मी कागद घेऊन भागाकार केला. एका सामन्याला सुमारे ११८ कोटी. सामन्यात २४० चेंडू. म्हणजे एका चेंडूला ४९ लाख रुपये.

रणजी खेळणाऱ्या नवख्या खेळाडूला २०२१ पासून दिवसाला ४० हजार मिळतात, चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६० हजार. साखळीत सात सामने. प्रत्येक सामन्यात खेळलेल्या नवख्या मुलाची सगळी कमाई अकरा लाखांच्या आसपास. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात सगळ्यात खालची पायाभूत किंमत ३० लाख होती, आणि ती मिळवण्यासाठी एकही सामना खेळावा लागत नाही, बाकावर बसलं तरी चालतं. हे आकडे घरात माहीत असताना एखाद्या बापानं पोराला 'चेंडू सोडायला शीक' असं सांगावं ही अपेक्षा मला अवघड वाटते. मैदानावरच्या कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. पालक पहिल्या दिवशी विचारतात ते 'याला मोठे फटके कधी शिकवणार?'

वीस षटकांचा सामना टीव्हीच्या मापानं शिवल्यासारखा आहे. साडेसातला सुरू, अकराच्या आसपास निकाल. जेवणं, धुणीभांडी आटोपून सगळं घर एका जागी बसायची वेळ. प्रत्येक षटकानंतर जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात, शिवाय आयपीएलमध्ये अडीच-अडीच मिनिटांचे चार 'टाइमआउट'. कसोटी मात्र सकाळी साडेनऊला सुरू होते, तेव्हा बघणारा कामावर असतो, आणि ती पाचव्या दिवसापर्यंत जाईलच याची हमी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात होणाऱ्या ८८ आंतरराष्ट्रीय सामन्यांचे हक्क ५,९६३ कोटींना गेले, सामन्यामागे सरासरी ६७ कोटींहून थोडे अधिक. एवढ्या किमतीत पाच दिवस कॅमेरे, वायरी, माणसं पोसायची की एक संध्याकाळ? त्या ८८ पैकी कसोटी २५ होत्या आणि टी-ट्वेंटी ३६.

* * *

घड्याळाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत उपांत्य फेरीत पोचला तर त्याचा सामना गयानातच होणार हे स्पर्धेआधीच ठरलेलं होतं. गटात पहिले या की दुसरे, फरक नाही. कारण तो सामना तिथे सकाळी साडेदहाला सुरू होणार होता, म्हणजे आपल्याकडे रात्री आठला. दुसरा उपांत्य सामना त्रिनिदादमध्ये रात्री होता, आपल्याकडे पहाटे सहाला. तो अफगाणिस्तानच्या वाट्याला आला. सेंट व्हिन्सेंटमध्ये बांगलादेशला हरवून त्यांनी आपल्या देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी मजल मारली होती; आनंद साजरा करायलाही वेळ मिळाला नाही. विमानाला उशीर, झोप नाही, सराव नाही, आणि दक्षिण आफ्रिकेसमोर सगळे मिळून ५६. खेळपट्टीही वाईट होती, आफ्रिकेची गोलंदाजीही उत्तम होती, हे मान्य. तरी काबूल-कंदाहारकडच्या पोरांना त्या रात्री पूर्ण झोप मिळायला हवी होती. आपला भारत तो विश्वचषक जिंकला, मीही रात्री दोनपर्यंत रस्त्यावर नाचलो. पण ही खंत त्या आनंदाच्या शेजारीच बसलेली आहे.

पाकिस्तानचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे. २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीपासून आयसीसीच्या पुरुषांच्या प्रत्येक मर्यादित षटकांच्या स्पर्धेत भारत-पाकिस्तान सामना पहिल्याच टप्प्यात आलेला आहे. चिठ्ठ्या टाकून असं घडत नसतं. सप्टेंबर २०२५ मधल्या आशिया चषकाची आखणीच अशी होती की दोघं तीनदा समोर येऊ शकतील: १४, २१ आणि २८ सप्टेंबर. तिन्ही रविवार. तिन्ही सामने झाले. सीमेवर तणाव, खेळाडू हस्तांदोलनही करत नाहीत, आणि वेळापत्रकात मात्र तीन रविवार आधीपासून राखून ठेवलेले.

* * *

लीगच्या पैशानं काय होतं ते बघायचं तर दक्षिण आफ्रिकेकडे बघावं. तिथल्या मंडळाची तिजोरी रिकामी होत आली होती. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी एसए ट्वेंटी ही लीग सुरू केली. सहाच्या सहा संघ आयपीएलच्या मालकांनी घेतले. लीगला जागा मिळावी म्हणून ऑस्ट्रेलियातली एकदिवसीय मालिका आफ्रिकेनं सोडून दिली, विश्वचषकाच्या पात्रतेचे गुण पणाला लावून. पुढच्या वर्षी न्यूझीलंडमधली कसोटी मालिका लीगच्या आड आली. करारानं बांधलेले खेळाडू घरीच राहिले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये माउंट माँगानुईला आफ्रिकेचं नेतृत्व करायला नील ब्रँड उतरला, ज्यानं तोवर एकही कसोटी खेळलेली नव्हती. त्या अकरांतल्या सहा जणांचं ते पदार्पण होतं. न्यूझीलंडनं आफ्रिकेविरुद्ध इतिहासात प्रथमच कसोटी मालिका जिंकली. जिंकणाऱ्यांनाही त्यात किती गोडी वाटली असेल कोण जाणे.

आणि तरी जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर टेम्बा बवुमाच्या आफ्रिकेनं ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद मिळवलं. लीगचे समर्थक हे उदाहरण तोंडावर फेकतात, आणि त्यात तथ्य आहे: लीगच्या उत्पन्नानं त्या मंडळाला उभं राहायला बळ दिलं. पण त्या अजिंक्यपदाच्या दोन वर्षांच्या चक्रात आफ्रिकेनं एकही मालिका दोनपेक्षा जास्त कसोटींची खेळली नाही. सहा मालिका, बारा कसोटी. मार्करमच्या लॉर्ड्सवरच्या १३६ धावा पाहताना मला सारखं वाटत होतं, या संघाला पाच कसोटींची मालिका कोणी देईल का? देणार कोण? आयसीसीच्या उत्पन्नातला ३८.५ टक्के वाटा एकट्या भारताचा, वर्षाला सुमारे २३ कोटी डॉलर. दुसऱ्या क्रमांकावरच्या इंग्लंडला सात टक्केही नाही. म्हणून जगातलं कुठलंही मंडळ वेळापत्रक आखताना आधी विचारतं, भारत कधी येणार. उरलेल्या देशांनी एकमेकांशी खेळायचं ते सांदीकोपऱ्यात.

* * *

आपल्या महाराष्ट्रात या वेळापत्रकानं एकदा पाण्याला हात घातला. २०१६ चा एप्रिल आठवा. मराठवाड्यात सलग दुष्काळ. लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्याच दिवसांत मुंबई, पुणे, नागपूरच्या मैदानांवर आयपीएलसाठी हिरवळ राखायची होती. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. सामन्यांसाठी सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल असं त्यात म्हटलं होतं. शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, अशी तयारी क्रिकेटवाल्यांनी दाखवली. १३ एप्रिलला न्यायालयानं आदेश दिला: ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. तयारीला वेळ हवा म्हणून १ मेचा पुण्यातला सामना तेवढा राहिला. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला जाऊन 'घरचे' सामने खेळला आणि मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळुरूला झाला.

मी त्या वेळी लातूरला गेलो होतो. रेल्वेतून उतरवलेलं पाणी टँकरनं गल्लीत येई, आणि टँकरच्या पाइपला घागरीचं तोंड लावून एक बाई पाणी भरत होती. मागे उभ्या बारा-तेरा वर्षांच्या तिच्या मुलाच्या अंगात मुंबई इंडियन्सची निळी जर्सी होती, बाजारातली, नकली. त्याला न्यायालयाचा आदेश पटला का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तो रोज रात्री शेजारच्या घरी सामना बघायचा.

क्रिकेट हा आपल्याकडे पावसाळा सरल्यावरचा खेळ. मुंबईची कांगा लीग तेवढी भर पावसात, १९४८ पासून, चिखलात टिकून राहायला शिकवणारी. एरवी ऑक्टोबरात मैदान सुकायचं, जानेवारीपर्यंत दवावर गवत तग धरायचं, मार्चमध्ये किट माळ्यावर. एप्रिल-मे हे महिने जमिनीला विश्रांतीचे. प्रक्षेपणाच्या बाजारानं नेमके तेच महिने निवडले, कारण परीक्षा संपलेल्या असतात आणि शीतपेयं, पंखे, एसी विकायचे असतात.

* * *

पैशाबद्दल तक्रार करताना पैशानं काय केलं तेही लिहायला हवं. रणजी खेळाडूचं मानधन वाढलं ते याच उत्पन्नातून. सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३ मध्ये महिला लीगच्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, आणि सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत मुलीसाठी बॅट घेण्याची चर्चा पहिल्यांदा गंभीरपणे झाली. महिला लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाला ९५१ कोटी आले, हे दहा वर्षांपूर्वी कोणाला खरं वाटलं नसतं. गहुंजेच्या मैदानावर महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर ही नावं जर्सीवर आली. जिल्ह्यातल्या पोराला पुण्या-मुंबईत बिऱ्हाड न करता कोणाच्या नजरेत भरता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे. ती मला कोणाकडूनही हिरावून घ्यायची नाही.

पण ज्या फांदीवर हे सगळं बसलंय ती केवढी आहे? २०२२ च्या लिलावात दोन कंपन्यांनी एकमेकींशी चढाओढ केली म्हणून ४८ हजार कोटी आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दोन कंपन्या एक झाल्या. २०२७ नंतरच्या हक्कांसाठी बोली लावताना समोर कोण असेल? ऑगस्ट २०२५ मध्ये पैशावरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि भारतीय संघाचा मुख्य प्रायोजक, ड्रीम इलेव्हन, एका आठवड्यात बाजूला झाला. आशिया चषकात खेळाडूंच्या छातीवर प्रायोजकाचं नाव नव्हतं. मग अपोलो टायर्स ५७९ कोटींना आले, निभावलं. एका कायद्यानं, एका विलीनीकरणानं हलणाऱ्या उत्पन्नावर सगळा हंगाम बांधला असेल, तर खेळाचा पाया दुसरीकडे कुठेतरी घट्ट ठेवावाच लागेल. तो रणजीत आहे, असं मी मानतो.

कसोटी खेळणाऱ्यांना टिकवण्यासाठी मंडळानं मार्च २०२४ मध्ये योजना आणली: हंगामातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक कसोटी खेळणाऱ्याला प्रत्येक सामन्यामागे ४५ लाख जादा. चांगलं केलं. पण वर पोचलेल्याला पैसे देऊन खालून येणारा तयार होत नाही. त्याला लागतो वेळ. माझं मागणं एवढंच आहे की ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर रणजीच्या साखळीला कोणी हात लावू नये. उत्तरेत धुकं असेल तर डिसेंबरचे सामने दक्षिणेत आणि आपल्याकडे द्या. नाशिक, सोलापूर, नागपूर, कोल्हापूर इथे मैदानं आहेत, हवा आहे, आणि कुंपणाला उभी राहणारी माणसंही आहेत. वीस षटकांची स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. लिलाव त्यानंतर घ्या, नाहीतर मागच्या हंगामावर घ्या. ज्यांना हजारो कोटींचा करार लिहिता येतो त्यांना ही चार वाक्यं वेळापत्रकात बसवता येतील.

* * *

हे लिहीत असताना, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अहमदाबादची कसोटी संपली होती. दुबईत २८ सप्टेंबरच्या रविवारी रात्री आशिया चषकाचा अंतिम सामना, आणि २ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या सकाळी, वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी. बुमराह, कुलदीप, गिल दोन्हीकडे. मधे तीन दिवस. सव्वा लाखाहून जास्त आसनांच्या त्या स्टेडियममध्ये खुर्च्यांचा रंगच तेवढा दिसत होता. वेस्ट इंडिज पहिल्या दिवशी १६२ वर गारद झाले आणि सामना तिसऱ्या दिवशी डावानं संपला. माझ्या पिढीला ज्यांच्या नुसत्या नावानं धडकी भरायची, त्या संघाची ही कसोटी मी टीव्हीवर एकट्यानं पाहिली. शेजारच्या घरी सोनं वाटायला गेलो तर तिथेही टीव्ही चालू होता. त्यावर रविवारच्या दुबईच्या सामन्याचे क्षण पुन्हा दाखवत होते.

२०२५-२६ च्या रणजीची सुरुवात १५ ऑक्टोबरला. महाराष्ट्राचा पहिला सामना केरळशी, तिरुअनंतपुरमला. नोव्हेंबरच्या १९ तारखेपर्यंत पहिला तुकडा. दुसरा २२ जानेवारीपासून.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी घराजवळच्या क्लबच्या मैदानावर गेलो. पावसानं उखडलेली विकेट माळी पुन्हा बांधत होते. काळी माती चाळून, थर देऊन, हातानं पाणी शिंपडत. दोन पोरं रोलरची दांडी धरून उभी होती, त्यांना तो आजच फिरवायचा होता. क्लबची पहिली मॅच आठ दिवसांवर आली होती. माळी त्यांना फिरवू देईनात. वरून कडक दिसते पण आत ओल आहे, आज दाबली तर जानेवारीत पापुद्रे निघतील, असं ते म्हणत होते. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जवळ जाऊन वाकलो, बोटानं माती चाचपायला. माळी मागून ओरडले, "दादा, पाय नका देऊ तिथं. अजून ओली आहे."